कर्करोग विभागाचे प्रमुख निवृत्त होतात तेव्हा: गौरवाची सहा महिन्यांची तयारी

सभागृह भरलं होतं. भाषणं मनापासून झाली. मानपत्र वाचलं जात असताना दोन परिचारिकांना रडू आवरेना. कार्यक्रम संपून माणसं पांगत असताना एक बाई माझ्याजवळ आल्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना १४ महिने झाले होते. फाईल छातीशी धरून त्यांनी विचारलं, "ताई, पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. आता मी कोणाकडे यायचं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तीन महिने आम्ही राबलो होतो, फलकावरच्या अक्षरांचा रंगसुद्धा बैठक घेऊन ठरवला होता, पण हे कोणी ठरवलंच नव्हतं.

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करताना असे निरोप मी जवळून पाहिले. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली: कर्करोगाच्या डॉक्टरांचा गौरव त्यांचे रुग्ण आणि त्यांचं काम नीट सोपवण्यापासून सुरू होतो. मंचावरचा दीड तास त्यानंतर येतो. अपेंडिक्स काढलेला माणूस टाके निघाले की सर्जनला विसरून जातो. इथे एकेका रुग्णाचं नातं पाच-दहा वर्षं चालतं, कित्येकांचं जन्मभर. ज्या माणसाच्या तोंडून "रिपोर्ट चांगला आहे" हे ऐकायची सवय झाली, तो माणूस उद्यापासून खोलीत नसणार, ही या रुग्णांसाठी साधी बातमी नसते.

पुढे सांगते ती वाट सहा महिन्यांची आहे. हाती तीनच महिने असतील तर स्मरणिका सोडून द्या, पण रुग्णांचा भाग सोडू नका.

आधी त्यांनाच विचारा

अचानक धक्का देणारा कार्यक्रम या माणसांसाठी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना धक्कादायक बातम्या हळुवारपणे सांगण्यात ज्यांनी काळजी घेतली, त्यांनाही आधी कळलं पाहिजे.

विचारताना प्रश्न उलटा ठेवा. "सर, तुम्हाला काय आवडेल?" असं विचारलं की संकोचाने "अहो, काही नको" एवढंच उत्तर मिळतं. "सर, कार्यक्रम होणार हे ठरलेलं आहे. त्यात काय नको, ते तेवढं सांगा," असं म्हटलं की माणूस मोकळा होतो. एका सरांनी लगेच सांगितलं, "रुग्णांना मंचावर आणून 'यांनी मला वाचवलं' असं म्हणायला लावू नका. समोर ज्यांचं माणूस गेलंय तेही बसलेले असतील." दुसऱ्या एका मॅडमनी अट घातली की त्यांच्या जागी येणाऱ्या डॉक्टरांची ओळख सर्वांत आधी करून द्यायची. दोन्ही वाक्यांनी कार्यक्रमाची आखणीच बदलली.

याच भेटीत आणखी थोडं विचारून घ्या. निवृत्तीचं कारण जाहीर सांगायचं की नाही? (प्रकृतीचं कारण असेल तर ते त्यांच्या परवानगीशिवाय कोणीही उच्चारू नये.) घरचे कोण येणार, त्यांपैकी कोणाला बोलायचं आहे? निवृत्तीनंतर संस्थेशी किती संबंध ठेवायचा आहे? आणि कोणत्या तीन-चार सहकाऱ्यांचं नाव राहून गेलं तर त्यांना वाईट वाटेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. त्यात बहुतेक वेळा ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं अशी माणसं असतात: रेकॉर्ड रूममधले, ऑपरेशन थिएटरमधले जुने सहायक, केमोच्या डे-केअरमधल्या सिस्टर.

समिती लहान ठेवा

सहा-सात माणसं पुरतात. एक ज्येष्ठ डॉक्टर, एक परिचारिका, एक रेडिएशन तंत्रज्ञ, रेकॉर्ड विभागातलं एक जण, एक समाजसेवक, एक जुना विद्यार्थी आणि उपचार संपून बरीच वर्षं झालेला एक रुग्ण. अंतिम निर्णय कोणाचा हे पहिल्याच बैठकीत ठरवा. पुढे जागा कोणाला मिळणार यात ज्यांचा संबंध आहे, त्यांना समितीचं प्रमुखपद देऊ नका. गौरवाचं व्यासपीठ आणि पदाची चढाओढ एकत्र आली की दोन्ही बिघडतात.

रुग्णांची सोपवणूक

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. काम चार महिने आधी सुरू झालं पाहिजे.

पहिल्यांदा यादी काढा: गेल्या दोन वर्षांत या डॉक्टरांकडे आलेले सगळे रुग्ण, आणि त्याहून जुने पण वर्षातून एकदा तपासणीला येणारे. ही यादी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय एकही पत्र बाहेर जाऊ देऊ नका. गेलेल्या माणसाच्या नावाने "आपली पुढची भेट अमुक तारखेला" असं पत्र घरी पोहोचलं, तर त्या घरावर काय गुदरतं याची कल्पना करा. रुग्णालयाबाहेर झालेले मृत्यू आपल्या नोंदीत अनेकदा नसतात, म्हणून वर्षभर न आलेल्यांच्या घरी आधी फोन करावा आणि फोनवर रुग्णाचं नाव घेऊन "कसे आहेत?" एवढंच विचारावं. उत्तर ऐकूनच पुढे बोलावं.

मग यादीचे तीन भाग करा. उपचार चालू असलेले, उपचार संपून फॉलो-अपला येणारे, आणि ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, ज्यांना वेदनाशमन आणि आधाराचीच सेवा चालू आहे.

उपचार चालू असलेल्यांना पत्राआधी डॉक्टरांनी स्वतः तोंडाने सांगावं, तेही पुढचे डॉक्टर शेजारी बसलेले असताना. निवृत्तीआधीचे शेवटचे सहा-आठ आठवडे दोघांची ओपीडी एकत्र चालवता आली तर फार चांगलं. पहिल्या भेटीत जुने डॉक्टर बोलतात आणि नवे ऐकतात, दुसऱ्या भेटीत नवे तपासतात आणि जुने फक्त बसलेले असतात. एका सरांनी प्रत्येक रुग्णाला एकच वाक्य सांगितलं होतं: "माझ्या घरचं कोणी आजारी पडलं तर मी यांच्याकडेच नेईन." त्या वाक्याने जे काम झालं ते कोणत्याही माहितीपत्रकाने झालं नसतं.

फॉलो-अपवाल्यांना पत्र पुरतं. पत्र साधं असावं, गौरवाचा सूर त्यात आणू नये. असं चालेल:

"नमस्कार. आपले उपचार ज्यांच्याकडे झाले ते डॉक्टर ____ दिनांक ____ रोजी निवृत्त होत आहेत. यापुढे आपली तपासणी डॉक्टर ____ करतील. आपली फाईल, अहवाल आणि ठरलेल्या तारखा आहेत तशाच राहतील, नव्याने नोंदणी करावी लागणार नाही. आपली पुढची भेट ____ रोजी आहे. मधल्या काळात काही त्रास झाला तर ____ या क्रमांकावर फोन करा. निवृत्तीपूर्वी डॉक्टरांना एकदा भेटायचं असल्यास ____ या दिवशी ____ या वेळेत या."

पाकिटावर कर्करोग विभागाचं नाव छापू नका. आपल्या आजाराबद्दल शेजारी, सासरी किंवा कामाच्या ठिकाणी न सांगितलेले रुग्ण आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ असतात.

प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर उपचारांचा एकपानी सारांश लावा. डॉक्टरांच्या डोक्यात असलेली माहिती कागदावर उतरवायची ही शेवटची संधी असते. आजाराचा प्रकार आणि टप्पा, शस्त्रक्रिया काय झाली, कोणती औषधं किती दिली, रेडिएशन कुठे आणि किती, काय सोसलं नाही, आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचं. हे का, तर डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाचा आयुष्यभराचा एकूण डोस मोजावा लागतो. तो शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. वीस वर्षांनी दुसऱ्या आजारासाठी आलेल्या रुग्णाला हा आकडा कोण सांगणार? तरुणपणी छातीवर रेडिएशन झालेल्या स्त्रियांची स्तनतपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी लागते, तेही याच पानावरून कळतं. सारांश भरायला निवासी डॉक्टर मदत करतील, पण "यांच्याशी बोलताना मुलीला बाहेर बसवा" किंवा "सुईची फार भीती आहे" अशी शेवटची ओळ निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः लिहावी. एका विभागात हे सारांश लिहिताना मॅडमना कित्येक रुग्णांच्या मुलांची नावंसुद्धा तोंडपाठ असल्याचं आम्हाला पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या गटाला पत्र पाठवू नये. पुढच्या तारखेपर्यंत जे कदाचित नसतील त्यांना भेटायला डॉक्टरांनी खाटेपाशी जावं, घरी असतील तर निदान फोन करावा. यासाठी त्यांच्या शेवटच्या महिन्यातल्या दोन दुपारी मोकळ्या ठेवा आणि त्या वेळी दुसरी कसलीही बैठक लावू नका. या भेटींचं चित्रीकरण नको, फोटो नको, कार्यक्रमात उल्लेखही नको.

कामाची मोजदाद करा, आणि खरी करा

"अविरत सेवा", "हजारोंना जीवनदान" हे शब्द कोणत्याही डॉक्टरांना लावता येतात, म्हणून ते कोणाचेच होत नाहीत. विभागाच्या जुन्या नोंदी काढा आणि विचारा: हे डॉक्टर रुजू झाले तेव्हा इथे काय नव्हतं जे आज आहे? सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून प्रत्येक केसवर चर्चा करणारं ट्यूमर बोर्ड कधी सुरू झालं? तीव्र वेदना शमवणारं मॉर्फिन रुग्णांना सहज मिळू लागलं ते कोणाच्या खटपटीमुळे? पहिल्या भेटीपासून निदान हाती येईपर्यंत आधी किती दिवस लागत, आता किती लागतात? हा शेवटचा आकडा जुन्या केस पेपरवरच्या तारखांवरून काढता येतो आणि मानपत्रातल्या दहा विशेषणांना तो भारी पडतो.

आकड्यांत एक सापळा आहे. "पूर्वी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण इतकं होतं, आता इतकं झालं" अशी तुलना मांडण्याचा मोह होतो. पण पूर्वी शेवटच्या टप्प्यात येणारे रुग्ण आता लवकर येत असतील तर प्रमाण आपोआप वाढतं. शिवाय निदान आधी झालं की मोजणीच आधी सुरू होते, त्यामुळे आयुष्य तेवढंच असूनही ते वाढल्यासारखं दिसतं. म्हणून तुलना करायचीच तर एकाच टप्प्यातल्या रुग्णांची करा आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याला दाखवून घ्या. सभागृहात बसलेल्या तज्ज्ञांपुढे फुगवलेला आकडा वाचला गेला तर मान खाली जाते ती सत्कारमूर्तींची.

जपून बोलण्याचा धडा या शाखेच्या इतिहासातच आहे. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्करोग झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. त्या काळी ही अचाट गोष्ट होती, तरी अहवालाच्या शीर्षकातच त्यांनी "तात्पुरती" हा शब्द घातला. आज लहान मुलांमधल्या रक्तकर्करोगाच्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात, जिथे पूर्ण उपचार मिळतात तिथे, दहातली सुमारे नऊ मुलं बरी होतात. त्या वाटेची सुरुवात या एका प्रामाणिक शब्दाने झाली.

आणि ते औषध आलं कुठून? लेडर्ली या अमेरिकन औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांच्या चमूने ते तयार केलं होतं. फार्बर यांचं नाव बहुतेकांना ठाऊक असतं, सुब्बारावांचं फार थोड्यांना. आपल्या विभागातले सुब्बाराव कोण, हे शोधणं मोजदादीचाच भाग धरा. रुग्णसुद्धा त्यात येतात. अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीने सिद्ध केलं की स्तनातल्या ४ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीसाठी पूर्ण स्तन काढला किंवा फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याची शक्यता सारखीच राहते. २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पण त्याआधी १,८०० हून अधिक स्त्रियांनी आपला उपचार चिठ्ठी काढल्यासारखा ठरू दिला होता. तुमच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या असतील तर त्यांत सहभागी झालेल्यांचे आभार नाव न घेता, पण मोठ्याने मानले गेले पाहिजेत.

आठवणी गोळा करताना

"डॉक्टरांविषयी दोन शब्द लिहा" असं सांगितलं की सगळे सारखंच लिहितात. नेमकं विचारा. त्यांनी सांगितलेलं कोणतं वाक्य अजून लक्षात आहे? त्यांच्याकडून शिकलेली एखादी सवय जी तुम्ही रोज वापरता? कधी त्यांनी "मला माहीत नाही" असं म्हटलं होतं का? शेवटच्या प्रश्नाला विद्यार्थ्यांकडून फार सुंदर उत्तरं येतात.

रुग्णांच्या आठवणी घेताना लेखी संमती घ्या, आणि संमतीपत्रावर वेगवेगळ्या चौकटी ठेवा: फक्त डॉक्टरांना वाचायला, स्मरणिकेत नावासह, नावाशिवाय, कार्यक्रमात वाचायला. छापण्याआधी कधीही मागे घेता येईल, असं लिहा. संमती मागायला उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पाठवू नका. ज्यांच्या हातात आपला जीव आहे त्यांना नाही म्हणणं अवघड असतं.

ज्यांचं माणूस गेलं त्या कुटुंबांनाही विचारावं की नाही, यावर प्रत्येक समितीत मतभेद होतात. माझं मत आहे की विचारावं, फक्त अलीकडे दुःख झालेल्यांना, म्हणजे साधारण वर्षाच्या आतल्यांना, थांबू द्यावं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर रोज पाच मिनिटं येऊन बसत असत, हे फक्त ती कुटुंबंच सांगू शकतात. बरं करणं हे कामाचं एक अंग आहे आणि बरं होणार नाही हे कळल्यावरही सोबत राहणं हे दुसरं.

याच कारणासाठी संपादन करताना "कर्करोगाशी झुंज जिंकली" ही भाषा मी खोडते. जिंकणारे असले की गेलेले हरलेले ठरतात. रुग्णाने स्वतःबद्दल तसं लिहिलं असेल तर ते त्याचे शब्द आहेत, ते राहू द्यावेत. निवेदकाने आणि मानपत्राने मात्र ते वापरू नयेत.

बोलतं करा

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी एक-दीड तासाच्या दोन बैठकींत त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करा. विचारणारा त्यांचा विद्यार्थी असावा, शांत खोली असावी, आणि चुकलेले निर्णय, बदललेली मतं यांवर प्रश्न असावेत. कोणत्याही रुग्णाची ओळख पटेल असा तपशील नंतर काढून टाका. ऐकून टंकलेखन करून घ्या आणि त्यांना तपासायला द्या. ध्वनिमुद्रण कोणी, कधी, किती वर्षांनी ऐकायचं हेही त्यांच्याकडून लिहून घ्या.

नावाने काय सुरू करायचं

खोलीला किंवा इमारतीला नाव देणं सोपं असतं. पण डॉक्टरांचं नाव सर्वांत जास्त टिकतं ते वापरात राहिलं तर. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी १९४९ मध्ये सहकाऱ्यासोबत ० ते १०० ची एक मोजपट्टी मांडली: रुग्ण स्वतःची कामं किती करू शकतो यावरून गुण. ती आजही केस पेपरवर लिहिली जाते. १९६९ मध्ये ते गेले, आणि १९७० पासून अमेरिकेतल्या क्लिनिकल कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेत त्यांच्या नावाने दरवर्षी व्याख्यान होतं. त्याच संघटनेच्या संस्थापकांपैकी एकमेव स्त्री म्हणजे डॉ. जेन राईट. त्यांच्या नावाचा सन्मान नवख्या संशोधकाला दिला जातो, आणि ज्येष्ठ व्यक्तीचा गौरव सर्वांत तरुण हातात जातो ही मला फार आवडलेली कल्पना आहे.

पर्याय निवडताना त्यांचं काम आणि नाव जुळतंय का ते पाहा. शिकवणं हा ज्यांचा प्राण होता त्यांच्या नावाने फेलोशिप किंवा व्याख्यान शोभतं. ज्यांनी वेदनाशमनासाठी आयुष्य घातलं त्यांच्या नावाने परिचारिकांचं प्रशिक्षण किंवा घरी जाऊन सेवा देणारं पथक. ज्यांच्या खिशातून रुग्णांच्या प्रवासाचे पैसे गुपचूप जात, त्यांच्या नावाने प्रवास आणि मुक्कामाचा निधी. निधी उभारत असाल तर मुद्दलाला हात न लावता दरवर्षीचा खर्च निघेल इतकी रक्कम जमेपर्यंत घोषणा करू नका. पैसे कोण खर्च करणार, हिशेब कोण तपासणार आणि निधी बंद पडला तर उरलेलं कुठे जाणार, हे तीन मुद्दे कागदावर हवेत.

रुग्णांकडून देणगी मागू नये. कोणी आपणहून दिली तर ती कितीही छोटी असो, तेवढ्याच आदराने घ्यावी. १९४८ मध्ये लंडनमध्ये कर्करोगाने मृत्युशय्येवर असलेल्या डेव्हिड तास्मा यांनी, मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठी वास्तू उभारण्याचं स्वप्न पाहणाऱ्या सिसिली साँडर्स यांच्या नावे ५०० पौंड ठेवले आणि तुमच्या वास्तूतली एक खिडकी व्हायची इच्छा बोलून दाखवली. ती वास्तू, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभी राहायला १९६७ साल उजाडलं. ती खिडकी तिथे आहे.

औषध कंपन्यांचा पैसा आणि फलक या कार्यक्रमात नकोत, मग खर्च कमी करावा लागला तरी चालेल. ज्या डॉक्टरांनी औषध निवडताना फक्त रुग्ण पाहिला, त्यांच्या मागे शेवटच्या दिवशी औषधाची जाहिरात लटकू नये.

मानपत्र

एक पान, मोठ्याने वाचायला चार मिनिटांच्या आत. पहिल्या ओळीत जन्म आणि पदव्या नकोत, त्या स्मरणिकेत जातील. सुरुवात कृतीने करा. "आपण एक थोर कर्करोगतज्ज्ञ आहात" यापेक्षा "आपण या विभागात आलात तेव्हा रुग्णांना निदान दारातच उभ्याने सांगितलं जाई. आपण पहिल्याच आठवड्यात तिथे दोन खुर्च्या मागवल्या" हे वाचताना सभागृहातल्या प्रत्येकाला ती खोली दिसते. मग कामातले दोन-तीन बदल, सहकाऱ्यांचा वाटा, घरच्यांनी सोसलेल्या रात्री-अपरात्रीच्या फोनची एक ओळ, आणि पुढचं काम कोणी हाती घेतलं आहे त्याचा उल्लेख. वाचणाऱ्याने आधी तीनदा मोठ्याने वाचून पाहावं. औषधांची नावं अडखळतात.

कार्यक्रमाचा दिवस

ओपीडीचा किंवा शस्त्रक्रियेचा दिवस टाळा, नाहीतर अर्धा विभाग येऊच शकत नाही आणि उरलेल्या अर्ध्याचं लक्ष वॉर्डकडे असतं. नव्वद मिनिटांत संपवा. रुग्ण आणि वयस्क माणसं त्याहून जास्त बसू शकत नाहीत.

सभागृह निवडताना रुग्णाच्या नजरेने फिरून या. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या दिवसांत गर्दीत येणं धोक्याचं, म्हणून उपचार चालू असलेल्यांना आमंत्रणाबरोबर घरबसल्या पाहण्याची सोय द्या आणि यायचंच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारायला सांगा. हवा खेळती हवी, दाराजवळच्या काही खुर्च्या राखून ठेवा, प्रसाधनगृह जवळ असू द्या, चाकाची खुर्ची मंचापर्यंत जायला उतार हवा. सुगंधी फवारे नकोत, केमो घेणाऱ्यांना तीव्र वासाने मळमळतं. ताजी फुलंही बेताने, आणि उरलेली फुलं वॉर्डात पाठवण्याचा चांगुलपणा तर मुळीच नको: फुलदाणीतल्या पाण्यात आणि मातीत जिवाणू-बुरशी असतात आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या खोल्यांत त्यांना बंदी असते. स्वरयंत्र काढलेली व्यक्ती बोलणार असेल तर मायक्रोफोन तिच्या बोलण्याच्या यंत्राजवळ धरून आधी चाचणी घ्या आणि घाई करू नका. तिच्या दोन मिनिटांत सभागृह जितकं शांत होतं तितकं दुसऱ्या कोणासाठी होत नाही.

फोटोचा प्रश्न नाजूक आहे. अशा कार्यक्रमाच्या फोटोत दिसणं म्हणजे आजार उघड होणं. ज्यांना नको त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची फीत किंवा बैठकीचा एक भाग ठेवा आणि छायाचित्रकाराला तो दाखवा.

बोलणारे पाचच: परिचारिका, विद्यार्थी, सहकारी, एक रुग्ण किंवा नातेवाईक, आणि पुढचे प्रमुख. परिचारिकेला सर्वांत आधी बोलू द्या. शेवटी उत्सवमूर्ती, आणि त्यांच्यासाठी वेळेची मर्यादा नको. कार्यक्रमात एक मिनिट गेलेल्या रुग्णांसाठी ठेवा, कोणाचंही नाव न घेता. हे मिनिट पुष्कळ डॉक्टरांना हवं असतं, फक्त ते स्वतः मागत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून

काहींना पूर्ण थांबायचं असतं, काहींना नाही. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ साली, ते १२ खाटांचं छोटं रुग्णालय असताना, रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता जानेवारी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्या संस्थेच्याच होत्या. प्रत्येकाला ते जमेल किंवा हवं असेल असं नाही. सल्लागार म्हणून बोलावणार असाल तर वार, तास आणि निर्णय कोणाचा, हे लिहून द्या. ट्यूमर बोर्डात बसण्याचं आमंत्रण द्यावं, पण पहिले तीन महिने त्यांनी येऊ नये असं मी सुचवते. जुने सर खोलीत असले की नव्या प्रमुखांकडे कोणी पाहतच नाही. त्यांचा वैयक्तिक फोन नंबर रुग्णांकडे असतोच, त्यावर येणाऱ्या फोनसाठी त्यांना विभागाचा एक क्रमांक आणि एक नाव द्या, म्हणजे "मी आता नाही पाहत" यापुढे त्यांना काहीतरी सांगता येईल.

महिनाभराने ओपीडीची यादी काढा आणि ठरलेल्या तारखेला न आलेल्या प्रत्येक जुन्या रुग्णाला फोन करा. सोपवणूक कशी झाली ते या यादीवरून कळतं. मी त्या बाईंना कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. नव्या डॉक्टरांचं नाव, खोली क्रमांक आणि वार त्यांनी फाईलच्या आतल्या बाजूला लिहून घेतला, मग मला पुन्हा एकदा वाचून दाखवला आणि विचारलं, "बरोबर आहे ना, ताई?"